पायानं खुंदायचा डबा

गणपतबाबा, वत्सलावहिनी, तायडे घरातली सगळी मंडळी, आणि अकोल्यातून, अमरावतीहून, मूर्तिजापूर, मोर्शी, चांदूर रेल्वेहून आलेल्या माझ्या मित्रांनो,

मागं उभे आहेत त्यांनी पुढं यावं. सतरंजीवर जागा आहे. हमाल मंडळी भिंतीला टेकून उभी दिसतात, त्यांनाही सांगतो, बसा. आज या कापसाच्या जिनच्या आवारात कोणी कुणाचा माल उतरवायला आलेलं नाही.

मला बोलता येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. कापसाच्या हर्राशीत, लिलावात, उभा राहून मी आयुष्यभर बोलत आलो. पण हर्राशीत समोरचा माणूस उत्तर देतो. सुखदेव तायडेविषयी मी बोलावं आणि त्यानं मध्येच हात वर करून "गुलाबराव, चुकलं तुमचं" असं म्हणू नये, याची माझ्या कानांना सवय नाही. आत्ताही मी दोन वाक्यं बोललो आणि थांबलो, ते याचसाठी. तो काही म्हणतो का, ते ऐकत होतो.

सकाळी मी वहिनींकडे गेलो. विचारलं, काय बोलू? त्या म्हणाल्या, "गुलाबभाऊ, रडगानं नोका लावू. ते जितून गेले. जितलेल्या मानसाचं बोला." तेव्हा मंडळी, मी रडवायला उभा नाही. एक माणूस काय जिंकला आणि कसा जिंकला, एवढंच सांगणार आहे. अर्धी गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. अर्धी मला माहीत आहे. आज ती एकत्र करू.

माझ्या आधी बोलले ते सगळे म्हणाले, सुखदेव साधा माणूस होता. मी त्यांच्या पाया पडतो, पण साधा नव्हता. बॉयलरच्या खोलीत इस्त्रीचा सदरा घालून येणारा माणूस साधा कसा? नागपूरहून यंत्राचा डिप्लोमा घेऊन आला होता आणि आपल्याला येतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपलं बरोबर असलं की तो दबत नसे, आणि त्याचं बहुतेक वेळा बरोबर असायचं. फार त्रास व्हायचा त्याचा. आता होणार नाही, म्हणून मी आज इथं असा उभा आहे.

मी तरुण होतो तेव्हा हे आवार दुसऱ्याचं होतं. मी इंजिनाला तेल घालायचो, आणि हे गणपतबाबा, सुखदेवचे वडील, इथंच कापसाच्या गठाणी उचलायचे. पुढं माझं बरं चाललं, हळूहळू जिन माझं झालं, आणि गणपतबाबांचा मुलगा माझा इंजिनियर झाला. छप्पन साली सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं, आणि दुसऱ्या दिवशी सुखदेव रोजच्या वेळेला बॉयलरवर हजर. इस्त्रीचा सदरा. त्या दिवशी मात्र पांढरा.

आता डब्याची गोष्ट.

त्या काळात आपल्या जिनांची सगळी मदार दगडी कोळशावर. कोळसा चांद्याकडून रेल्वेच्या वाघिणीतून येणार, आणि वाघिणी नेमक्या हंगामात मिळायच्या नाहीत. आवारात कापसाच्या बैलबंड्या उभ्या, कास्तकार बंडीखाली बसून विड्या फुंकतोय, आणि आमचा बॉयलर थंडगार. याच बंड्या ज्या गावांतून यायच्या तिथं कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची, चुलीपुरती घरी न्यायची आणि उरलेली शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाळून टाकायची. शेतंच्या शेतं धूर. सगळ्यांनी पाहिलेला धूर. मीही पाहिलेला.

सुखदेवनं एक दिवस विचारलं, "गुलाबराव, आपन कोळशाची वाट पाहून राहिलो, अन् तिकडे कास्तकार जळन जाळून राहिला. हे काय हाये?"

मी म्हटलं, "पऱ्हाटीवर चूल चालते. बॉयलर नाई."

"काऊन नाई चालत?"

काऊन नाही चालत, हे मला सांगता आलं नाही. त्याला सांगता आलं. पऱ्हाटी जळते चांगली, पण भराभर जळते. आगवाल्यानं भट्टीचं दार उघडं ठेवून सारखी फेकत राहायची म्हटलं तर थंड वारा आत जातो आणि वाफ उतरते. म्हणजे दार बंद पाहिजे आणि पऱ्हाटी आपोआप, एकसारखी आत जात राहिली पाहिजे. त्यानं कडब्याच्या कुट्टी मशीनवर पऱ्हाटीचे तुकडे केले, पत्र्याचं मोठं नरसाळं बनवलं, वरून तुकडे टाकायचे, खालून भट्टीत पडायचे.

पडले नाहीत. पऱ्हाटीची साल म्हणजे सुतळी. एक तुकडा दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला, आणि नरसाळ्याच्या तोंडाशी सुगरणीचं घरटं तयार. तरीही त्यानं सुऱ्या बदलल्या, तुकडे बारीक केले, नरसाळ्याचा उतार बदलला, आणि एका टप्प्याला ते चालायला लागलं. हलक्या हातानं टाकलं तर चालत होतं. आम्ही दोघंही खूश झालो आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे अमरावतीचे, मूर्तिजापूरचे जिनवाले पाहायला बोलावले.

चिवडा केला होता. चहा होता. पाहुणे खुर्च्यांवर बसले. इंजिन सुरू झालं. मला इंजिन पाहावं लागत नाही, मंडळी, मी कारखाना कानानं चालवतो. इंजिनाचा सूर सरळ होता. पाहुणे माना डोलवत होते. मग सूर उतरला. पुन्हा चढला. पुन्हा उतरला आणि इंजिन बसलं. आगवाल्यानं सळई घालून घरटं फोडलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बसलं. चिवडा संपेपर्यंत पाहुणे थांबले. अमरावतीचे एक जिनवाले जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुलाबराव, काही म्हना, तुमचं यंत्र चहा चांगला करते."

सुखदेव नरसाळं उतरवून त्याच्या आत डोकं घालून बसला. मी त्याला म्हटलं, "तायडे, बाहीर ये. मले एक गोष्ट ऐकू आली."

"काय?"

"इंजिन बसाच्या आंधी दर खेपेस धप धप वाजत होतं. आंधी धप धप, मंग सूर उतरे."

तो बाहेर आला. वर पाहिलं. नरसाळ्यावरच्या फळीवर आमचे हमाल चांदभाई आणि त्यांची टोळी बसलेली. चांदभाई, हसू नका, तुमचंच सांगतोय.

सुखदेवनं विचारलं, "चांदभाई, वर काय करून राहिले होते तुमी?"

"खुंदून राहिलो होतो, साहेब."

"कायले?"

"मेहमान लोक आले होते ना. ढिल्ला भरला असता तं इज्जत काय राहाती आपली?"

मंडळी, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजणार नाही. तुम्हाला समजतं. आपल्याकडे बंडीत कापूस भरायचा म्हणजे पायानं खुंदून भरायचा. जो खुंदत नाही त्याला बंडी भरता येत नाही असं आपण म्हणतो. बोद, म्हणजे कापसाचं मोठं पोतं, भरताना आत माणूस उतरतो आणि नाचतो. लहानपणापासून पायांना तेच ठाऊक. चांदभाईंच्या टोळीला सकाळपासून सांगितलं होतं, हलक्या हातानं टाका. एकटे असताना टाकलंही. चार मोठे लोक पाहताहेत म्हटल्यावर पाय आपोआप सुरू झाले. जितके मोठे पाहुणे तितकं जोरात खुंदणं.

मी म्हटलं, सोपं आहे, पाटी लावू. 'येथे खुंदू नये.'

सुखदेव हसला. त्या दिवशी पहिल्यांदा हसला. म्हणाला, "पाटी लावसान. वाचन कोन? अन् वाचली तरी पाय ऐकन काय? गुलाबराव, मानसाचे पाय बदलाचे नाईत. डबा बदलू."

त्या माणसाची सगळी हुशारी या एका वाक्यात होती. दुसरा इंजिनियर असता तर त्यानं हमाल बदलले असते. यानं विचार केला की ज्या देशात माणसं भरताना खुंदतातच, त्या देशातलं यंत्र खुंदण्यावर चाललं पाहिजे.

पुढच्या हंगामाआधी त्यानं डबा उलटा केला. नरसाळं वर रुंद, खाली अरुंद असतं. हा वर अरुंद, खाली रुंद. हमालांनी लगेच नाव पाडलं, घागरा. तळाला पत्रा नाही, तर लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांना दात, आणि त्या इंजिनाच्या जोरावर मागं-पुढं सरकणार. वर सागवानी फळ्यांचं जड झाकण, डब्याच्या आत वर-खाली होणारं. आणि झाकणावर माणूस.

मी विचारलं, माणूस कशाला? तो म्हणाला, "सैल भरलं तं दात नुसते फिरतीन, केसात कंगवा फिरते तसे. वरून दाबलं का तुकडे दातात बसतीन. अन् डबा खाली रुंद हाये, म्हून दाबलेला माल डब्याच्या भितीले अटकाचा नाई, खाली सरकन. जितका खुंदसान तितका चांगला चालन."

पहिल्या दिवशी चांदभाई झाकणाशी उभे राहिले आणि विचारलं, "साहेब, आता पाय लावू का नको?"

"खुंदा. लागन तितकं खुंदा."

चांदभाईंना वाटलं साहेब टोमणा मारून राहिले. ते माझ्याकडे पाहायला लागले. मी मान हलवली. मग ते झाकणावर चढले. त्यांचा देह तुमच्यासमोर आहे, मी वर्णन करत नाही. मी डोळे मिटून घेतले. धप धप सुरू झालं. मी सूर उतरायची वाट पाहत होतो. उतरला नाही. चांदभाई घामाघूम झाले, तरी उतरला नाही. मी डोळे उघडले तेव्हा सुखदेव इंजिनाकडे पाहत नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहत होता.

दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता. आपलं जिन चाललं, कोळशाची कटकट गेली, झालं. सुखदेव म्हणाला, "हे जगात कोनी केलं हाये का, ते पाहा लागन."

मला पेटंट हा शब्द औषधाच्या बाटलीवरून माहीत होता. त्यानं समजावलं. आपण काही नवीन शोधलं की कलकत्त्याच्या पेटंट कचेरीत अर्ज करायचा. खरोखर नवीन असेल तर सरकार लिहून देतं की ही गोष्ट पहिल्यांदा या माणसाला सुचली, ठराविक वर्षं ती दुसऱ्या कोणी याला विचारल्याशिवाय करायची नाही. आणि आधी ज्यांनी पेटंटं घेतली त्यांच्या छापील प्रती मागवता येतात. त्यानं मागवल्या. टपालवाला वैतागला. भट्टीत लाकडाचा भुसा घालायची यंत्रं, उसाचं चिपाड घालायची, धानाचा कोंडा घालायची, कोळशाची तर विचारूच नका. विलायतेतली, अमेरिकेतली. दुपारी इंजिन बंद असताना तो वाचायचा आणि चहाला मला सांगायचा. पुराण सांगावं तसं सांगायचा.

"पहिल्यानं नरसाळं केलं. अटकलं. दुसऱ्यानं नरसाळ्यात फिरती काठी टाकली. तिसऱ्यानं दोन काठ्या टाकल्या. मंग एक आला, त्यानं नरसाळंच थरथरोलं. मंग एकानं खालून हवा फुकली. कागदावरची सालं पाहा, गुलाबराव, एकामागं एक सारे एकाच रस्त्यानं चालले. माल अटकते म्हून त्याले हालवा. अन् सगळ्यायनं एक गोष्ट लिहून ठेवली हाये: माल सैल भरा, दाबू नोका."

"मंग?"

"मंग काय? दाबू नोका म्हनते सारी दुनिया. म्हंजे दाबाच्या रस्त्यावर कोनीच गेलं नाई. तो रस्ता आपला."

हे बोलताना त्याच्या हातातला चहा निवून गेला होता, आणि मला पहिल्यांदा कळलं की बॉयलरच्या खोलीत बसून हा माणूस सगळ्या जगाची वाटचाल पाहून आला आहे आणि जग कुठं वळलं नाही हे त्यानं हेरलं आहे.

अर्जाच्या वेळी माझ्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, अर्ज जिनच्या नावानं करा. लोखंड तुमचं, पत्रा तुमचा, नोकर तुमचा. मी म्हटलं, वकीलसाहेब, मी याच आवारात इंजिनाला तेल घालत होतो. तेल मालकाचं होतं, हात माझे होते. सुखदेव मागं उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं. तो पुढं आला आणि वकिलांशी अगदी शांतपणे बोलला. ते बोलणं मी आज जसंच्या तसं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

म्हणाला, "वकीलसाहेब, माझ्या बापानं या आवारात जलमभर गठानी उचलल्या. हजेरीत त्यायचं नाव कसं लिहत, माहीत हाये? गनपत, हमाल. आडनाव कधी लिहलंच नाई. जनू आमाले आडनाव नसते. मले ह्या डब्याचं दुसरं काई नाई पाहिजे. सरकारच्या कागदावर पुरं नाव छापून आलं पाहिजे. माझं, मंधात माझ्या बापाचं, अन् मंग आमचं आडनाव."

वकिलांनी टाक उचलला आणि लिहिलं: सुखदेव गणपत तायडे, अकोला.

पण लिहिलं म्हणजे मिळालं असं नसतं. सरकारी गॅझेटात अर्जाची जाहिरात येते आणि कोणाची हरकत असेल तर त्यानं सांगायचं असतं. मुंबईच्या एका कंपनीनं हरकत घेतली. तिची नरसाळ्याची यंत्रं ठिकठिकाणी चालत होती. कंपनीचं म्हणणं, यात नवीन काही नाही, अर्ज फेटाळा. फेटाळला असता तर घागरा चालतच राहिला असता, पण नाव गेलं असतं. सुखदेवला रात्रंदिवस तेच लागलं होतं. वहिनींना विचारा.

आम्ही कलकत्त्याला निघालो. लाकडी पेटीत घागऱ्याचा छोटा नमुना, पोत्यात पऱ्हाटीचे तुकडे, वहिनींनी बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. रेल्वेच्या डब्यातला एक बंगाली प्रवासी सारखा पेटीकडे पाही. शेवटी त्यानं विचारलं, इसमें क्या है? सुखदेव म्हणाला, "दाँत." त्यानंतर त्या सद्गृहस्थांनी हावड्यापर्यंत पाय वर घेऊन प्रवास केला.

सुनावणीला कंपनीतर्फे बॅरिस्टर. उंच, गोरे, बोलायला गोड. आमच्याकडून सुखदेव स्वतः. सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी बेताचं, पण सूर कळतो. बॅरिस्टरांचा सूर सरळ होता, चांगल्या इंजिनासारखा. त्यांनी सांगितलं, खाली रुंद असलेला डबा जुनाच आहे. हे पाहा. सरकते दात जुनेच आहेत. हे पाहा. दोन जुन्या गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे शोध होत नाही.

सुनावणी घेणाऱ्या पेटंट कचेरीच्या साहेबांनी सुखदेवला विचारलं, तुमचं काय म्हणणं?

सुखदेव म्हणाला, "मला मान्य आहे."

मंडळी, इतक्या दूर येऊन हा मान्य करून बसला. पण तो उभाच होता. म्हणाला, डबा जुना, दात जुने. आता बॅरिस्टरसाहेबांना माझी विनंती, त्यांनी या नमुन्यात हातानं माल दाबावा. पेटी उघडली, नमुना टेबलावर ठेवला, दातांची मूठ स्वतः फिरवायला लागला. बॅरिस्टर हसले, गाऊनची बाही सावरली आणि दोन बोटांनी दाबलं. सुखदेव म्हणाला, जोरात. त्यांनी तळहातानं दाबलं. अजून जोरात. ते उभे राहिले, दोन्ही हातांनी दाबायला लागले. चांदभाई, तुमची आठवण झाली मला. जितकं दाबावं तितके तुकडे खालून एकसारखे बाहेर. टेबलावर पऱ्हाटीचा ढीग झाला. साहेब खुर्चीतून पुढं वाकले.

मग सुखदेवनं कंपनीनं आणलेल्या नमुन्याकडे बोट दाखवलं. त्यांचं चकचकीत नरसाळं, आत फिरती काठी. म्हणाला, "आता यात दाबा."

बॅरिस्टरांचे हात नरसाळ्याच्या वर आले आणि तिथंच थांबले. ते म्हणाले, "यात दाबायचं नसतं."

सुखदेव म्हणाला, "हेच वाक्य लिहून घ्यावं, एवढी माझी विनंती आहे. दुसरं माझं काही म्हणणं नाही."

आणि खाली बसला.

साहेबांनी लिहून घेतलं. बॅरिस्टर मोठ्या मनाचे, बाहेर आल्यावर त्यांनी सुखदेवचा हात हातात घेतला. म्हणाले, मी आजवर साक्षीदार पाडले, मला कोणी माझ्याच तोंडून पाडलं नव्हतं. सुखदेवनं काय म्हणावं? म्हणाला, "तुम्ही दाबलं छान." सांगितलं ना, साधा नव्हता.

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत त्याचं खाणं कमी झालं, बोलणं कमी झालं, इस्त्री मात्र चुकली नाही. शेवटी कागद आले. हरकत फेटाळली होती. पेटंट मिळालं होतं. तो जिनमधून सरळ घरी गेला, मी मागून. गणपतबाबा ओसरीत बसले होते. त्यांची नजर तेव्हाच गेली होती. सुखदेव त्यांच्यापुढं उकिडवा बसला आणि इंग्रजीत छापलेलं नाव मोठ्यानं वाचलं.

बाबांनी विचारलं, "माहं नाव कायले टाकलं मंधात?"

"तसंच लिहतात, बा."

"पुरं लिहलं हाये?"

"पुरं."

"कोनं लिहलं?"

"सरकारनं."

बाबा आणखी पुढं सरकले. मग म्हणाले, "मंग अजून एक डाव वाच."

सुखदेवनं वाचलं. बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. तोवर वहिनी चुलीपासून उठून दाराशी आल्या होत्या, शेजारी जमले होते, आणि प्रत्येक नवा माणूस आला की बाबा म्हणायचे, "ह्याले वाचून दाखव."

नंतरची कथा तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची. मूर्तिजापूरच्या जिनमध्ये घागरा लागला, मग अरुंद रुळांच्या छोट्या गाडीच्या रस्त्यानं पुढच्या गावांना, मग चांदूर रेल्वेला. चहा चांगला करते म्हणणारे अमरावतीचे जिनवाले आले, त्यांनी घागरा नेला, चहा पिऊन गेले. आज ते इथं बसले आहेत. आणि एक दिवस मुंबईची तीच कंपनी आली. आम्हाला हा डबा बनवायची परवानगी द्या. सुखदेव म्हणाला, देतो, पण प्रत्येक डब्यावर पितळी पाटी पाहिजे, पाटीवर पुरं नाव पाहिजे. कंपनीनं कळवलं, नाव फार लांब आहे, आमच्या पाटीत मावत नाही. त्यानं उत्तर दिलं, पाटी मोठी करा.

पाटी मोठी केली त्यांनी.

मागच्या महिन्यात अमरावतीच्या दवाखान्यात मी त्याला भेटलो. हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, म्हणजे तो बोलतच होता. मोर्शीकडची संत्र्याची छाटणी वाया जाते म्हणाला. तुरीच्या तुराटीला साल कमी, ती दातांतून निसटते, तिच्यासाठी दात बारीक करावे लागतील म्हणाला. मी म्हटलं, आराम कर, तायडे. तो म्हणाला, "तुमी ऐकून घ्या, गुलाबराव. तुमाले ऐकता चांगलं येते." एवढी मोठी शाबासकी त्यानं मला पहिल्यांदाच दिली. मी ऐकून घेतलं. ते सगळं माझ्या कानात आहे, वाया जाणार नाही.

मंडळी, आता रीतीप्रमाणे मी तुम्हाला दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगणार. पण गणपतबाबांनी सभेआधी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "गुलाबराव, चूप नोका बसू. माह्या पोराचं नाव वाचा. त्यानं मले वाचून दाखोलं, तसं. मंग काय चूप बसाचं ते बसा."

तेव्हा उभे राहा. चांदभाई, बाबांना हात द्या. राहू द्या, ते स्वतः उठताहेत.

सुखदेव गणपत तायडे, अकोला.

घड्याळ कोणी पाहू नका. बाबा उभे आहेत तोवर आपण उभे राहू.